केनियात सेवेला जाताय तर परमिटचं आधी लेखी घ्या, सामानाचं नंतर बघू

जय ख्रिस्त ताई. तुम्ही लिहिलंय की तुम्ही नाशिकरोडच्या, स्टाफ नर्स, केनियाच्या किनाऱ्यावरच्या किलिफीकडे एका मिशनच्या दवाखान्यात सहा महिने सेवेला जायचंय, तिथला रोजचा दिवस कसा असतो आणि काय काय न्यायचं. आणि मध्येच एका ओळीत लिहिलंय की पाठवणारं ऑफिस म्हणतंय, "आत्ता टूरिस्ट म्हणून जा, परमिटचं तिकडे गेल्यावर बघतील." ही ओळ वाचली आणि राहवलं नाही, कारण मला आणि माझ्या मिसेसला जवळपास ह्याच शब्दांत सांगितलं होतं. ऑफिसचं नाव घेत नाही, तुमचंही विचारत नाही.

पासपोर्ट, तिकीट, इन्शुरन्स तुम्हाला कळतंच, त्यात जात नाही. फक्त यलो फीवरची लस अधिकृत सेंटरलाच मिळते आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं. परत येताना मुंबईला ते मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. तर शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका.

आता परमिट. जानेवारी २०२४ पासून केनियाने व्हिसा बंद करून ईटीए म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी सुरू केलीय, पण ती भेट द्यायला येणाऱ्यांसाठी आहे, काम करायला नाही. आणि काम म्हणजे पगाराचंच असं नाही हो, फुकट सेवा केली तरी ते काम. मिशन आणि धर्मादाय कामासाठी वेगळं क्लास आय परमिट असतं, थोड्या मुदतीच्या कामाला स्पेशल पास असतो, आणि अर्ज तिथल्या नोंदणी असलेल्या संस्थेने आपली कागदपत्रं जोडून करायचा असतो. तुम्ही एकट्याने इथून करून भागत नाही. तुमचं तर डबल आहे, नर्स म्हणून पेशंटला हात लावायचा तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची परवानगी वेगळी.

आमच्या वेळी ई-व्हिसा होता, पण गोष्ट तीच. मला शाळेत गणित शिकवायचं होतं. इथल्या ऑफिसला निघायच्या आधी मी विचारत होतो की तिकडच्या मंडळीकडून म्हणजे चर्चकडून अर्ज गेलाय का, तर दर वेळी "प्रोसेसमध्ये आहे, विश्वास ठेवा". विश्वास ठेवा! कागदाच्या कामात हा शब्द कोणी वापरला ना की मला आता राग येतो, विश्वास प्रभूवर ठेवायचा, फाइलवर पोचपावती मागायची. तिकडे गेलो तर कळलं अर्ज गेलाच नव्हता, कारण तिकडच्यांनी मागितलेले माझ्या डिग्रीचे कागद इथल्या टेबलावरच पडून होते. मुख्याध्यापक चांगला माणूस, त्याने सरळ सांगितलं, परमिटशिवाय वर्गात उभं करणार नाही, तपासणी झाली तर शाळा अडचणीत येईल. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. मग मी काय केलं तर पुस्तकांना कव्हरं घाल, बाकं रंगव, मिसेस स्वयंपाकघरात मदत. व्हिसाची मुदत संपत आली आणि परत यावं लागलं. इथल्या ऑफिसला फोन केला तर म्हणाले, "अनुभव तर मिळाला ना."

त्रास झाला तो माझ्या वेळेचा नाही. आमच्या मंडळीने उपकारस्तुतीच्या (चर्चच्या हंगामाच्या सणाच्या) लिलावात एकेक भोपळा, एकेक कोंबडी चढ्या भावाने घेऊन ते तिकिटाचे पैसे उभे केले होते, त्यात धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बायकांचे पैसे होते. त्यांना तोंड दाखवायला गेलो तेव्हा कोणी एक शब्द बोललं नाही, तेच जास्त जड गेलं. नंतर दुसऱ्या मार्गाने, सगळे कागद आधी करून पुन्हा गेलो आणि शिकवलंही, म्हणून रोजच्या आयुष्याबद्दल सांगू शकतो.

तुम्ही ऑफिसकडून ईमेलवर इतकं घ्याच. परमिटचा अर्ज कोणती संस्था करणार आणि अर्ज गेल्याचा नंबर काय, फी कोण भरणार, राहायची सोय कुणाच्या नावावर, आजारी पडलात तर कुठे नेणार, आणि तिकडे तुम्हाला सूचना देणारा एकच माणूस कोण. तोंडी नको. मी वकील नाही, नियम बदलत असतात, तिथल्या इमिग्रेशनच्या साइटवर स्वतः बघा. पण जे ऑफिस एवढं लिहून देत नाही त्यांच्या भरवशावर जाऊ नये, हे माझं ठाम मत, कोणाला कडक वाटलं तरी.

आता दिवस कसा जातो. किनाऱ्याला दमट उकाडा, आपल्या नाशिकची हवा विसरा, पहाटे कामं उरकायची. नाश्त्याला चहा आणि मांदाझी म्हणजे तळलेला गोडसर पाव, किंवा त्यासोबत तूर नारळाच्या दुधात शिजवलेली, तिला म्बाझी म्हणतात, फार छान लागते. दुपारी उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि म्चिचा म्हणजे आपला माठच. मूग मिळतात, चपाती मिळते, मोंबासात गुजराती दुकानात हिंग-जिरंही मिळतं, त्यामुळे डाळींची पोती नेऊ नका, काळा मसाला न्या. तो प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, ऑगस्ट २०१७ पासून तिथे कॅरीबॅगवर बंदी आहे, बरणीत न्या. प्लग चौकोनी तीन पिनांचा. सिम पासपोर्टवर घ्या आणि एम-पेसा म्हणजे मोबाइलवरून पैसे द्यायची सोय लगेच सुरू करा, भाजीवालीपासून मटाटूपर्यंत (तिथली शेअर मिनीबस) सगळं त्यावर चालतं.

नर्स म्हणून तुम्हाला एक फार महत्त्वाचं. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सा तातू म्हणजे तीनचा आकडा, पण वेळ सकाळचे नऊ. पेशंट म्हणाला गोळी दोन वाजता घेतली, तर ती आठला घेतलेली असू शकते. डोस लिहिताना सूर्य कुठे होता ते विचारायची सवय लावा.

रविवारी उपासना लांब चालते, पाणी पिऊन जा. लग्न, मयत, हॉस्पिटलचं बिल, सगळ्याला हराम्बे म्हणजे वर्गणी, आणि परदेशी पाहुण्याकडे पहिलं बघतात. द्या, पण महिन्याचं ठरवून द्या आणि तिथल्या पाळकांना विचारून. आणि किनाऱ्यावर मुसलमान शेजारी भरपूर, दवाखान्यात तेही येणार. तापाने पडलेल्या माणसाच्या उशाशी सुवार्ता सांगू नका. त्याने विचारलं तर सांगा. मला तरी असंच बरोबर वाटतं.

अजून एक, तिकडे भारतीय म्हणजे दुकानदार हेच डोक्यात असतं, "तुम्ही मुहिंदी (भारतीय) आणि ख्रिस्ती कसे?" असं विचारतीलच. तेव्हा आपल्या नाशिकच्या शरणपूरचं सांगा. इंग्रजी नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं चर्च मिशनरी सोसायटीच्या शरणपूरच्या आश्रमात शिकली, त्यातला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंगस्टनच्या शवाबरोबर थेट लंडनला गेला, १८७४ साली. आणि १८७५ मध्ये मोंबासाजवळ फ्रीअरटाउन ही सोडवलेल्या गुलामांची वस्ती वसली ती नाशिकहून गेलेल्या ह्याच लोकांना घेऊन, वसवणारे प्राइससाहेबही आधी शरणपूरलाच होते. तिथली जुनी घंटा अजून आहे, सुट्टीच्या दिवशी बघून या. आमच्या शाळेतल्या एका म्हाताऱ्या शिक्षकाला हे सांगितल्यावर तो मला नाशिकचा पाहुणा म्हणून सगळीकडे ओळख करून द्यायला लागला.

तर ऑफिसला आजच मेल टाका, तिकीट अजून काढू नका. उत्तर आलं की नावं झाकून इथेच टाका, काय राहिलंय ते मी आणि मिसेस बघून सांगतो.