मधे भरायचं म्हणजे वाजवायचं काय?

प्रश्न : मी क्लासमध्ये व्हायोलिन शिकलो. नोटेशन समोर असलं की गाणं वाजवता येतं. हल्ली सिंहगड रोडवरच्या आमच्या भजनी मंडळात साथीला बसतो. बुवा म्हणतात, "मधे भरा की जरा!" पण मी एक तर त्यांच्याबरोबर अख्खी चाल वाजवतो, नाहीतर गज मांडीवर ठेवून गप्प बसतो. अमेरिकन फिडलवाले तारांवर गज आपटून ठेका देतात, तसं केलं तर चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आधी तुमच्या अमेरिकन शंकेचं बघू. त्या प्रकाराला चॉप म्हणतात. १९६०च्या दशकात फिडलवादक रिचर्ड ग्रीन यांनी ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या प्रकारात तो आणला. तिथल्या पारंपरिक ताफ्यात ड्रम नसतो, म्हणून ठेका तंतुवाद्यांनीच सांभाळायचा. तुमच्याकडे पखवाज आहे, वर टाळ. त्यात तुमची टकटक कोण ऐकणार? राहू द्या.

टाळकरी ओळ उचलतात तेव्हा चाल बिनधास्त वाजवा, त्या गजरात व्हायोलिन शोभतं. बुवा एकटे गात असताना मात्र शब्दावर गज टाकायचा नाही. भरायची जागा ओळ संपून ते श्वास घेतात तेवढीच. भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यातल्या जेमतेम दोन-तीन मात्रा तुमच्या. समजा ओळ 'म ग रे सा' अशी उतरली. तुम्ही हलकेच 'ग रे सा' म्हणा आणि पुढचा शब्द यायच्या आत बाजूला व्हा. पुढच्या खेपेला 'नी रे सा' (निषाद चालीत असेल तोच, कोमल की शुद्ध ते कानाने ठरवा). त्यापुढे नुसता षड्ज, म्हणजे सा, लांबवा. एवढ्यावर अख्खा अभंग निभतो. रियाजात मात्र ओळ तोंडाने गायची आणि उत्तर तेवढं गजाने द्यायचं. गाता न येणाऱ्याला भरता येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

खरी अडचण पट्टीची, म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा याची असणार. क्लासमध्ये बोटं एकाच षड्जाला बांधली जातात. इथे बुवा पेटीच्या काळी एकमध्ये, गळा बसला की पांढरी एकमध्ये, आणि एखाद्या ताई गायला बसल्या की थेट काळी चार. दर अभंगाला तारा कुठे मिळवत बसणार? म्हणून एकच मुखडा (गाण्याची पहिली ओळ) मोकळ्या तारेवर सा धरून वाजवा, मग पहिल्या बोटावर, मग तिसऱ्या. वही मिटून.

बुवा तारसप्तकात चढले की तुम्ही खाली उतरा. गज फिंगरबोर्डकडे सरकवून दाब काढला की आवाज पातळ होतो आणि गळ्याच्या खाली बसतो. ते आलापीत रमले तर षड्ज धरून थांबा.

पुण्यात राहता तर व्हायोलिनवादक प्रभाकर जोग यांचं वादन ऐकाच. सुधीर फडक्यांचे सहायक म्हणून त्यांनी काम केलं, आणि 'गाणारं व्हायोलिन' ही त्यांच्या वादनाची ओळख उगाच झालेली नाही. ऐकताना शब्द कुठे तुटतो आणि गज कुठे फिरतो, तेवढंच बघा.

पुढचं भजन मोबाइलवर रेकॉर्ड करा. घरी आल्यावर बुवांचा कुठला शब्द तुमच्या गजाखाली गेला ते शोधा आणि तिथला सूर पुढच्या वेळी गाळा.