‘मरणासन्न राजकन्या’ आणि तिचा मुकुट : चित्र आधी पाहावे की इतिहास आधी वाचावा?

प्रश्न : मी जळगावला बारावी विज्ञान शाखेत शिकते. इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेत मला ‘अ’ श्रेणी मिळाली आहे. पुढे कलेतच शिकायचे आहे, पण चित्रकला घ्यावी की कलेचा इतिहास, हे ठरत नाही. दिवाळीच्या सुट्टीत अजिंठ्याला सोळाव्या लेण्यातील ‘मरणासन्न राजकन्या’ हे चित्र पाहून माझे डोळे भरून आले. घरी येऊन वाचले, तर ती मरत नसून पती भिक्षू झाल्याचे कळल्यामुळे मूर्च्छित झाली आहे, असे समजले. मग माझे रडू चुकीचे होते का? आमचे चित्रकलेचे सर म्हणतात, इतिहास माहीत नसेल तर चित्र कळतच नाही. मामेभाऊ म्हणतो, चित्र पाहायचे असते, वाचायचे नसते. मला सनावळ्या पाठ करण्याचा कंटाळा आहे. मी काय निवडावे?

उत्तर : तुझ्या पत्रातील खरा प्रश्न अभ्यासक्रमाचा नाही, रडण्याचा आहे, त्याचे उत्तर सापडले की निवड बरीचशी आपोआप होईल, म्हणून आधी त्याच्याकडे वळतो.

तुझे रडू चुकीचे नव्हते. तुझ्याआधी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याच भिंतीसमोर उभे होते. १८७२पासून १८८५पर्यंत ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला येत आणि चित्रांच्या प्रतिकृती करवून घेत. या चित्राची कथा त्यांना ठाऊक नव्हती. तरीही फ्लॉरेन्सच्या चित्रकाराने याहून चांगले रेखाटन केले असते, व्हेनिसच्या चित्रकाराने याहून चांगले रंग दिले असते, पण याहून अधिक भाव त्या दोघांनाही ओतता आला नसता, अशा आशयाचे मत त्यांनी नोंदवून ठेवले. कललेली मान, अर्धवट मिटलेले डोळे, गळून गेलेले हात, मागून सावरून धरणारी दासी, हात हातात घेऊन चेहऱ्याकडे टक लावून पाहणारी दुसरी स्त्री आणि पंखा ढाळणारी तिसरी, एवढ्यावरून एक शोकग्रस्त घर उभे राहते. ते तुला दिसले, त्यांनाही दिसले, आणि त्यासाठी कुणालाही त्या काळच्या वाकाटक राजांची वंशावळ माहीत असावी लागली नाही.

आता त्याच चित्रात मुकुट घेऊन उभा असलेला सेवक आठवतो का, ते मनाशी तपासून पाहा. बहुतेकांना तो आठवत नाही, कारण मृत्यूच्या कथेत मुकुटाला कामच नाही. ही स्त्री म्हणजे गौतम बुद्धांचा सावत्र भाऊ नंद याची पत्नी सुंदरी, असे आज अभ्यासक मानतात. प्राचीन बौद्ध कवी अश्वघोषाच्या ‘सौंदरनंद’ या काव्यात नंद बुद्धांना भेटायला निघतो, तेव्हा चेहऱ्यावरचे ओले प्रसाधन वाळण्याच्या आत परत ये, असे सुंदरी त्याला बजावते. नंद परत येत नाही. बुद्ध आपले भिक्षापात्र त्याच्या हाती देतात, तो मागोमाग विहारात जातो आणि मनाविरुद्ध त्याचे मुंडन होते. हे कळल्यावर तो मुकुट म्हणजे नवऱ्याऐवजी घरी परत आलेली वस्तू ठरते आणि मूर्च्छेचे कारण भिंतीवरच लिहिलेले दिसू लागते. तुझा शोक खरा होता, त्याचे कारण मात्र तुला ठाऊक नव्हते. शिवाय हे चित्र भिक्षूंच्या विहारात आहे, म्हणजे ज्यांनी स्वतःच घरे सोडली होती, त्यांच्या रोजच्या नजरेसमोर ही सुंदरी होती. हा विचार मनात आला की मला आजही त्या भिंतीसमोरून पाय काढवत नाही.

येथवर तुझे सर बरोबर आहेत असे वाटेल. परंतु मामेभावाच्या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि त्याचा पुरावा पहिल्या लेण्यात आहे. तेथील परदेशी वेशातील माणसे पाहून भारतीय वास्तुकलेचे ब्रिटिश अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८७९ मध्ये असे मांडले की हा इराणचा बादशहा दुसरा खुस्रो याचा राजदूत चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या दरबारात आल्याचा प्रसंग आहे. मत विद्वानाचे होते, त्याला ग्रंथांचा आधार होता, आणि ते पुढे पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहिले. प्रत्यक्षात अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचे मुख्य काम वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात झाले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात; खुस्रो आणि पुलकेशी त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आले. आता ते चित्र महासुदर्शन जातकातील, म्हणजे बुद्धांच्या एका पूर्वजन्माच्या कथेतील, राजदरबाराचे मानले जाते. इतिहासाची जाण दांडगी होती, पण ती त्या भिंतीची नव्हती, म्हणून डोळ्यांसमोरचे चित्र वेगळेच दिसले. ज्याने आधी शांतपणे पाहिलेले नसते, त्याला अशी उसनी गोष्ट चटकन पटते.

आणखी एक गोष्ट सांगतो, कारण तू विज्ञान शाखेची आहेस. तुला जो पिवळसर, मंद रंग दिसला, तो सगळा चित्रकाराचा नव्हता. निजामाच्या राजवटीत १९२०च्या सुमारास इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी पोपडे सुटू नयेत म्हणून चित्रांवर लाखेचे रोगण दिले. त्याने त्या वेळी चित्रे वाचली, पण काळाबरोबर रोगण पिवळे पडले आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला पुढे ते काढण्याचे किचकट काम करावे लागले. मातीच्या गिलाव्यावर, तो कोरडा झाल्यावर, चिकट द्रव्यात कालवलेल्या रंगांनी ही चित्रे रंगवली आहेत, म्हणूनच ती पाण्याला आणि दमट हवेला इतकी नाजूक आहेत. हाही इतिहासच आहे, पण तो रसायनशास्त्राच्या भाषेत लिहिलेला आहे.

म्हणून माझे मत असे की, चित्राने हेलावून जाण्यासाठी इतिहास लागत नाही. चित्राविषयी दुसऱ्याला जबाबदारीने काही सांगायचे असेल, तर तो टाळता येत नाही. कलेच्या इतिहासाची पदवी ही या जबाबदारीची पदवी आहे. तिथे सनावळ्या पाठ करण्यापेक्षा ‘हे सन कशावरून ठरले’ हे विचारण्याचे काम अधिक असते, आणि मूर्च्छेची गोष्ट वाचून तू पत्र लिहायला बसलीस, यावरून ते काम तुला कंटाळवाणे वाटणार नाही, असे मला वाटते.

तुझ्यासाठी मला योग्य वाटणारा मार्ग म्हणजे आधी चित्रकलेची पदवी आणि मग कलेच्या इतिहासात पदव्युत्तर शिक्षण. स्वतः गिलावा लावून रंग दिलेला माणूस भिंतीकडे वेगळ्या नजरेने पाहतो, आणि ही चार वर्षे पुढे भरून काढता येत नाहीत. राज्यातील दृश्यकला अभ्यासक्रमांच्या प्रवेश परीक्षेची माहिती आताच काढून ठेव, जे. जे. कलाशाळा २०२३पासून अभिमत विद्यापीठ झाली आहे, त्यामुळे तिचे प्रवेशाचे नियम वेगळे पाहावे लागतील. थेट कलेचा इतिहासच घ्यायचा असेल, तर बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील ललित कला शाखेत किंवा शांतिनिकेतनच्या कलाभवनात पदवीपासून तो विषय आहे. लाखेची हकीकत वाचताना मन अडखळले असेल, तर चित्रसंवर्धनाचाही विचार कर. नोएडाच्या भारतीय वारसा संस्थेत त्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते, आणि तिथे तुझे बारावीचे रसायनशास्त्र वाया जाणार नाही. या क्षेत्रात जागा थोड्या असतात आणि पहिली काही वर्षे पगारही बेताचा असतो, हे आईवडिलांना आताच सांग. ते नंतर कळण्यापेक्षा तुझ्याकडून कळलेले बरे.

बारावीची परीक्षा संपली की पुन्हा अजिंठ्याला जा. सोमवारी लेणी बंद असतात, तो दिवस टाळ. सोळाव्या लेण्यात डोळे अंधाराला सरावेपर्यंत नुसती उभी राहा, मग काय दिसते ते वहीत लिही. कुणाची मान कुठे वळली आहे, कोण कुणाकडे पाहते आहे, मुकुट कुणाच्या हातात आहे. सुंदरीचे नाव त्या पानावर लिहू नकोस. घरी आल्यावर नंदाची कथा पूर्ण वाच, पुढच्या पानावर काय बदलले ते लिही, आणि दोन्ही पाने मला पाठव.