इंग्लंडमध्ये ‘न्यायालयाचा अवमान’ हा गुन्हा कसा घडत गेला?

तुमचा प्रश्न असा आहे की, आरोप ठेवणारा, ऐकणारा आणि शिक्षा देणारा न्यायाधीशच, हा अजब अधिकार इंग्लंडच्या कोर्टांना मिळाला कुठून? मी वकिली करतो. सीनियरच्या ऑफिसात याचं उत्तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ती थाप वाटली होती. या अधिकाराचा मोठा भाग कोर्टात कधीच न वाचल्या गेलेल्या एका निकालावर उभा आहे.

भर कोर्टात धिंगाणा घालणाऱ्याला शिक्षा करणं जुनंच. न्याय राजाच्या नावाने चालायचा, त्यामुळे न्यायाधीशाचा अपमान म्हणजे राजाचा अपमान. १६३१ मध्ये सॉल्सबरीला एका कैद्याने शिक्षा ऐकल्याबरोबर मुख्य न्यायाधीशाला विटेचा तुकडा फेकून मारला. नेम थोडक्यात हुकला. त्याचा उजवा हात तोडून फाशीच्या खांबाला ठोकला आणि त्यालाही कोर्टासमोर तिथेच लटकवलं. ही नोंद फ्रेंच, लॅटिन आणि इंग्रजीच्या अशा खिचडीत आहे की आपली जुनी फारसीमिश्रित दस्तं त्यापुढे सोपी वाटावीत. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे. हात तोडण्याआधी सरकारी वकील नॉय यांनी रीतसर आरोपपत्र तयार केलं होतं. वीट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आली, तरी कागद झाला!

मग कोर्टाबाहेर छापलेल्या टीकेसाठी आरोपपत्र नाही, ज्युरी (सामान्य नागरिकांचं पंचमंडळ) नाही, हे कसं सुरू झालं?

इथे येतो जॉन आल्मन, लंडनचा पुस्तकविक्रेता. सरकारवर कडक टीका करणारा राजकारणी जॉन विल्क्स याच्यावरच्या खटल्याच्या आदल्या दिवशी मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी आरोपपत्रातला एक शब्द स्वतःच्या घरी बदलू दिला होता. आल्मनने विकलेल्या पत्रकात त्यावर झोड उठवली होती. १७६५ मध्ये त्याच्यावर अवमानाची कारवाई झाली. न्यायमूर्ती विल्मट यांनी लांबलचक निकाल लिहून तयार ठेवला. कोर्टाला ज्युरीशिवाय झटपट शिक्षा करता येते, हा अधिकार कॉमन लॉइतकाच (प्रथा आणि निकालांतून घडलेल्या इंग्लिश कायद्याइतकाच) पुरातन आहे, असं त्यात ठासून म्हटलं होतं. आणि मग लक्षात आलं की कागदावर मथळा आल्मनचा नाही, विल्क्सचा पडलाय. कारकुनी चूक. आल्मनचे वकील ती सोडून द्यायला तयार होईनात. तेवढ्यात सरकार बदललं आणि प्रकरण बारगळलं. निकाल खणात पडून राहिला. विल्मट वारल्यावर त्यांच्या मुलाने १८०२ मध्ये वडिलांचे कागद छापले, त्यात तोही छापला, आणि पुढची कोर्टं त्याचा आधार घेऊ लागली. आम्ही अशील फितूर झाल्यावर युक्तिवादाची टिपणं फाडून टाकतो. इथे टिपणाचाच कायदा झाला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर जॉन फॉक्स यांनी जुनी दप्तरं उपसली. विल्मट म्हणत होते तशी पुरातन प्रथा त्यांना सापडली नाही. बाहेरच्या माणसाने कोर्टाबाहेर केलेला अवमान पूर्वी ज्युरीपुढेच चालायचा. ज्युरी टाळायची सवय स्टार चेंबरची, म्हणजे १६४१ मध्ये लोकांच्या रोषामुळे बंद झालेल्या राजाच्या खास कोर्टाची. हे पटवून देईपर्यंत उशीर झाला होता.

‘न्यायाधीशांची बदनामी’ या अवमानाच्या प्रकाराबद्दल १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे वसाहतींची शेवटची अपिलं ऐकणारं लंडनचं कोर्ट, म्हणालं की, इंग्लंडमध्ये हे आता कालबाह्य झालंय, पण गौरेतर लोकांच्या छोट्या वसाहतींत त्याची गरज पडू शकते. हे इतक्या उघडपणे लिहिलंय की दोनदा वाचावं लागतं. गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या एका संपादकाने न्यायमूर्ती डार्लिंग यांना ‘घोड्याच्या केसांच्या टोपातला उद्धट चिमुकला माणूस’ म्हटलं आणि १०० पौंड दंड भरला. इंग्लंडमध्ये शेवटची अशी शिक्षा १९३१ ची. वसाहतींत मात्र अवमानाचं हत्यार गंजलं नव्हतं. कलकत्त्यात १८८३ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जी एका न्यायाधीशावर लिहिल्याबद्दल दोन महिने तुरुंगात गेले. १९२० मध्ये मुंबई हायकोर्टाने गांधीजींना आणि महादेवभाई देसाईंना समज दिली. तो मामला मात्र बदनामीचा नव्हता, प्रलंबित प्रकरणातलं जिल्हा न्यायाधीशाचं पत्र ‘यंग इंडिया’त छापल्याचा होता.

प्रलंबित खटल्यावर लिहिण्याबाबत इंग्लंडला युरोपने हलवलं. थॅलिडोमाइड औषधाने बाळं व्यंग घेऊन जन्मली, त्यावरचा ‘संडे टाइम्स’चा लेख कोर्टाने रोखला होता. १९७९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ११ विरुद्ध ९ मतांनी ते चूक ठरवलं आणि १९८१ चा अवमान कायदा आला. बदनामीचा प्रकार तर इंग्लंडने २०१३ मध्ये रद्दच केला. भर कोर्टातल्या गोंधळाला शिक्षा अजून आहे.

आपल्या भारतातल्या १९७१ च्या अवमान कायद्याच्या व्याख्येत ती बदनामी आजही आहे. २००६ च्या दुरुस्तीने एवढंच झालं की लिहिलेलं खरं आणि लोकहिताचं असेल, तर कोर्ट तो बचाव ऐकू शकतं.