स्टेंट टाकलेल्या वडिलांना आतली सूज कमी करायला हळदीच्या कॅप्सूल द्याव्यात का?

तुम्ही लिहिलंय की वडील 61 वर्षांचे, वजन 68 किलो, आठ महिन्यांपूर्वी स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) टाकला, रक्त पातळ करणाऱ्या अ‍ॅस्पिरिन व क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं अटोर्वास्टॅटिन (स्टॅटिन गटातलं औषध) चालू आहे. परवाच्या तपासणीत एचएस-सीआरपी (शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, दाखवणारा रक्तातला आकडा) 3.8 आलं, आणि नात्यातल्या कुणीतरी हळदीच्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ घ्यायला सांगितल्या. आतली सूज उतरेल, हृदयालाही बरं, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांना न विचारता सुरू केल्या तर काही बिघडतं का, असं तुमचं विचारणं आहे.

बिघडू शकतं. या औषधांसोबत तरी सुरू करू नका.

मी सांगलीत मेडिकल चालवतो, फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. आमच्या गावात बसून हळदीविरुद्ध बोलायचं म्हणजे जरा अवघडच. पण गिऱ्हाईक ही बाटली काउंटरवर ठेवून "घेऊ का?" म्हणतं तेव्हा मी आधी ती उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला लावतो. तुम्हीही वाचा. बहुतेक बाटल्यांवर असं काहीतरी सापडेल: हळदीचा अर्क 500 मिलिग्रॅम, 95 टक्के कर्क्युमिनॉइड्स (हळदीतला पिवळा अंश, मुख्यतः कर्क्युमिन), सोबत 5 मिलिग्रॅम पायपरीन. म्हणजे एका कॅप्सूलमध्ये 475 मिलिग्रॅम कर्क्युमिन. साध्या हळदपुडीत ते असतं साधारण 3 टक्के. हिशोब केला तर एक कॅप्सूल म्हणजे जवळपास 16 ग्रॅम हळद, आणि दोन वेळा म्हणजे 32 ग्रॅम. भाजी-आमटीतून माणसाच्या पोटात दिवसाला दोन-तीन ग्रॅम जात असेल. कर्क्युमिनची रोज चालेल अशी आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 3 मिलिग्रॅमपर्यंत आहे. तुमच्या वडिलांच्या वजनाला ती 204 मिलिग्रॅम होते, आणि सांगितलेत 950. "आपण पिढ्यान्‌पिढ्या खातोय" हे या डोसाला लागू पडत नाही.

त्यात ते पायपरीन, म्हणजे मिरीतला तिखट अंश. कर्क्युमिन एकटं पोटात गेलं तर रक्तात जेमतेम उतरतं, यकृत आणि आतडी त्याची लगेच विल्हेवाट लावतात. 1998 साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरीन दिलं की रक्तात पोहोचणारं प्रमाण 20 पट वाढतं. हाच आकडा बाटलीवर "2000 टक्के जास्त शोषण" म्हणून मिरवतो. पण पायपरीन हे करतं ते यकृताची औषधं मोडायची यंत्रणा मंदावून, आणि ती यंत्रणा काही फक्त हळदीसाठी नसते. अटोर्वास्टॅटिनसुद्धा त्याच वाटेने जातं, त्याचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं.

आता दाहाचं. तुमच्या नातेवाइकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. रक्तवाहिनीतल्या चरबीच्या थरात दाह असतो आणि तो थर फुटायला त्याचा हात असतो. 2017 साली कॅन्टोस नावाच्या मोठ्या चाचणीत, आधी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि एचएस-सीआरपी 2 च्या वर असलेल्या दहा हजारांवर रुग्णांना फक्त दाह कमी करणारं इंजेक्शन दिलं. कोलेस्टेरॉल जवळपास होतं तिथेच राहिलं, तरी अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे 15 टक्के कमी झाले. पण जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. दाह दाबायचा तर त्याची किंमत असते. नंतर गाऊटवरचं (सांधे सुजण्याच्या एका आजारावरचं) जुनं औषध कोल्चिसिन अगदी कमी मात्रेत वापरून पाहिलं, त्याला अमेरिकेत 2023 मध्ये हृदयासाठी परवानगीही मिळाली. 2024 च्या एका मोठ्या चाचणीत मात्र अटॅकनंतर लगेच दिलेल्या कोल्चिसिनचा फायदा दिसला नाही. इतकं तपासलेल्या औषधाबाबत अजून वाद चालू आहे.

हळदीकडे तितकंसुद्धा नाही. थायलंडमध्ये बायपासच्या 121 रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आगेमागे कर्क्युमिनॉइड्स दिले, तेव्हा इस्पितळातले अटॅक 30 वरून 13 टक्क्यांवर आले. हा निकाल लोक आवर्जून सांगतात. पण कॅनडात पोटातल्या महाधमनीच्या शस्त्रक्रियेवेळी 606 जणांवर तोच प्रयोग झाला, तर दाहाचे निर्देशक हलले नाहीत आणि मूत्रपिंडाला इजा उलट जास्त जणांना झाली, 10 टक्क्यांच्या जागी 17. हे 2018 मध्ये छापून आलं. 2022 मध्ये अमेरिकेत रोसुव्हास्टॅटिन या स्टॅटिनची 5 मिलिग्रॅमची गोळी एका बाजूला आणि हळद, लसूण, दालचिनी, माशाचं तेल वगैरे दुसऱ्या बाजूला असं 28 दिवस तोलून पाहिलं. गोळीने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सुमारे 38 टक्के उतरलं. हळदीचा गट खोट्या गोळीच्या गटापेक्षा पुढे गेला नाही, सीआरपीतही नाही. चाचणी छोटी होती, काळही कमी, हे मान्य.

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी "अमेरिकेने हळदीचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे त्यात काहीतरी असणारच" म्हणेल. डॉ. माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर ही आपली सरकारी संशोधन संस्था लढली, 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण ते जखमेवर हळद लावण्याचं होतं, आणि हा उपाय आपल्याकडे जुना आहे एवढंच तिथे ठरलं. हृदयाचा त्याच्याशी संबंध नव्हता.

तुमच्या वडिलांबाबत मला खरी काळजी रक्तस्रावाची वाटते. दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधीच चालू आहेत. न्यूझीलंडच्या औषध नियामकाने 2018 मध्ये एका रुग्णाची नोंद दिली: रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असताना हळदीचं उत्पादन सुरू केलं आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, जास्त म्हणजे रक्तस्रावाचा धोका) 10 च्या वर गेला. तुमच्याकडे वॉर्फरिन नाही, तरी अशा गोळ्यांवर आणखी एक वजन का टाकायचं? याहून वाईट म्हणजे काउंटरवर अधूनमधून ऐकू येणारं वाक्य: "हळदीनं रक्त पातळ होतंय ना, मग ती क्लोपिडोग्रेल बंद करू का?" अजिबात नाही. स्टेंट आत गुठळी होऊन बंद पडू शकतो. ती गोळी कधी थांबवायची ते कार्डिओलॉजिस्टच ठरवतील.

3.8 या आकड्याकडे परत येऊ. 3 च्या वर म्हणजे जास्त, हे खरं, पण सर्दी-खोकला, दातातला पू, गुडघ्याची सूज, कशानेही तो चढतो. अंगात काही दुखणं नसताना दोन आठवड्यांनी पुन्हा करून घ्या. तोवर दातांच्या डॉक्टरांना एकदा हिरड्या दाखवा, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तंबाखू किंवा मशेरी असेल तर ती सोडवा, पोटाचा घेर आणि साखर बघा. स्टॅटिन सीआरपीसुद्धा उतरवतं, म्हणून अटोर्वास्टॅटिनची मात्रा पुरेशी आहे का हे विचारा. कोल्चिसिनचा विषयही तुम्हीच काढा, मूत्रपिंड आणि इतर औषधं पाहून डॉक्टर सांगतील.

स्वयंपाकातली हळद, रात्री दूध-हळद, काही बंद करायला नको. फक्त सुटी, नको इतकी पिवळीधमक पूड घेऊ नका. रंगासाठी त्यात लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, मिसळल्याचे प्रकार झालेत आणि शिसं रक्तदाब वाढवतं. हळकुंडं आणून दळून घेतली तर उत्तम.

आणि कॅप्सूल आधीच सुरू झाल्या असतील तर थांबवा. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अंगाला खाज सुटली किंवा जेवण जाईना, तर लगेच यकृताची तपासणी करा. अशा अर्कांमुळे कावीळ झाल्याच्या नोंदी इटली, अमेरिका, ऑस्ट्रेलियात आहेत. शौच काळी झाली किंवा हिरड्यांतून रक्त थांबेना तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बाटली फेकू नका, जाताना बरोबर घ्या. त्यांना मागची बारीक अक्षरं वाचावी लागतील.