वाचक विचारतात: खवळलेला समुद्र आणि बोट

प्रश्न: ताई, मला पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटीतून जायची भारी हौस आहे, घरचे म्हणतात डोकं फिरलंय. गेटवेवरून मांडव्याला जाऊ का जुलैत?

उत्तर: डोकं बिकं काही फिरलेलं नाही, मलाही आवडतं! पण गेटवेच्या छोट्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, त्यामुळे भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडा, 2020 पासून चालू आहे, गाड्या बिड्या घेऊन जाणारी मोठी बोट, तासाभरात मांडवा. सुरुवातीला बंदरात पाणी तसं शांतच असतं, म्हणाल हे काय, पण कुलाब्याची आड सुटली की नैऋत्येकडच्या लाटा थेट येऊन बाजूला आपटायला लागतात, बोट अशी सावकाश कलते, परत सरळ होते, काचेवर पाणी सपकन येतं आणि समोरचं सगळं पांढरं... मजा तीच. वारा फारच असला तर फेरी रद्द होते, मग कंपनीशी भांडू नका प्लीज.

बोट लागत असेल तर मधोमध बसा, मोबाईल खिशात, नजर लांब क्षितिजावर. गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, मळमळायला लागल्यावर फारसा उपयोग नाही. उपाशी जाऊ नका आणि वडापाव हाणूनही नको.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा किनाऱ्यावरून बघणार असाल तर मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, उतरायचं नाही, सेल्फीसाठी तर अजिबातच नाही. आणि ओळखीच्या कोळीदादाला "एक चक्कर मारून आण ना" म्हणून गळ घालू नका, जून-जुलैत मासेमारी बंदी असते.