घर नवंकोरं केलं, तरी बघायलाही कोणी का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलुंड पूर्वेला 1986 सालच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर 430 फूट कार्पेटचा (भिंती सोडून आतली वापरायची जागा) वन बीएचके, लिफ्ट नाही. 14 लाख खर्चून सगळं नवं केलं, हॉलमधून पार्टिशन घालून छोटी खोली काढली आणि ‘कन्व्हर्टेबल टू बीएचके’ म्हणून 1 कोटी 29 लाखाला विक्रीला काढला. पाच एजंटांना सांगून ठेवलंय, ऑनलाइन टाकलंय. चार महिने झाले, कोणी फिरकत नाही. घरात नेमकं काय कमी आहे?

मी घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात रीसेल घरांचं काम करते, त्यामुळे घेणाऱ्यांचे फोन दिवसभर माझ्या कानावर असतात. त्यावरून सांगते. लोक येऊन, बघून नाही म्हणत असते तर घरात काय खटकतंय ते शोधलं असतं. इथे आत कोणी आलेलंच नाही, म्हणजे तुमची फरशी, तुमच्या ट्रॉल्या, तुमचं बाथरूम कोणी नापसंत केलेलं नाही. घरावर फुली बसतेय ती त्याच्या आधी: फोनवर, बँकेत आणि तुमच्या बिल्डिंगच्या गेटपाशी.

सगळ्यात आधी फोन. तुम्ही घर टू बीएचके म्हणून टाकलं असेल, तर टू बीएचके शोधणाऱ्याला 430 कार्पेट दिसतं आणि तो पुढे जातो, कारण त्याला दोन खऱ्या बेडरूम हव्या आहेत. ज्याला 430 फुटांचा चांगला वन बीएचके हवाय, त्याने वन बीएचकेचा फिल्टर लावलाय, त्याच्या यादीत तुमचं घर येतच नाही. ज्याच्यासाठी हे घर आहे त्याच्यापर्यंतच ते पोचलेलं नाही. दुसरं असं की आपल्याकडे बजेट ठरलेल्या आकड्यांत बोललं जातं: एक कोटीपर्यंत, सव्वा कोटीपर्यंत, दीड कोटीपर्यंत. ‘सव्वा कोटीच्या आतलं दाखवा’ म्हणणाऱ्याला 1 कोटी 29 दिसत नाही. दीड कोटीवाल्याला दिसतं, पण त्या रकमेत त्याला लिफ्ट आणि पार्किंगची अपेक्षा आहे.

आता किमतीचं. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण खरी गाठ इथेच आहे आणि बहुतेक मालक हा हिशेब घेणाऱ्याच्या बाजूने मांडून बघत नाहीत.

1 कोटी 29 लाख भागिले 430, म्हणजे फुटाला 30,000 रुपये. समजा तुमच्याच गल्लीत, तशाच वयाच्या, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये अलीकडचे सौदे 26,000 ने झालेत. (हा आकडा मी उदाहरणासाठी धरलाय. खरा तुम्ही स्वतः काढा: नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये वर्ष, गाव आणि सीटीएस नंबर (जागेचा सिटी सर्व्हे क्रमांक) टाकला की नोंदणी झालेल्या व्यवहारांचा इंडेक्स टू बघता येतो. त्यात ठरलेला मोबदला आणि सरकारी बाजारमूल्य दोन्ही लिहिलेलं असतं. शेजारी तोंडी सांगतात तो भाव आणि इंडेक्स टूवरचा भाव यांत बरेचदा अंतर असतं.) तर 26,000 ने तुमचं घर 1 कोटी 12 लाखाच्या आसपास येतं.

घेणारा नोकरदार आहे, कर्ज काढणार आहे. बँकेचा व्हॅल्युअर (घराची किंमत ठरवणारा माणूस) येतो तेव्हा तो कार्पेट, बिल्डिंगचं वय, आजूबाजूचा भाव आणि मंजूर प्लॅन बघतो. फॉल्स सीलिंग आणि किचन ट्रॉल्यांना त्यात फारशी किंमत मिळत नाही. तो 1 कोटी 12 लिहितो. बँक करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यांतली कमी रक्कम धरते आणि 75 लाखांच्या वरच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 75 टक्क्यांपर्यंतच देते, म्हणजे साधारण 84 लाख. उरलेले 45 लाख त्याने आणायचे. वर मुंबईतली 6 टक्के स्टॅम्प ड्युटी, ती 1 कोटी 29 वर 7 लाख 74 हजार (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते) आणि नोंदणीचे 30,000. झाले 53 लाख, ब्रोकरेज वेगळं. हेच घर 1 कोटी 12 ला असतं, तर कर्ज तेवढंच आणि खिशातून जायचे ते 35 लाख.

बघा, किंमत 17 लाखांनी वाढली आणि घेणाऱ्याला रोकडीत जमवायचे पैसे 18 लाखांनी वाढले. तुमच्या नव्या कामासाठी त्याला एक रुपयाही कर्ज मिळत नाही. जे आईचे दागिने आणि पीएफ मिळून 35 लाख उभे करतात, ते 53 उभे करू शकत नाहीत. आणि जे करू शकतात, ते त्या पैशांत नव्या टॉवरमध्ये जातात. हा हिशेब घेणारा घरी बसून करतो आणि तुम्हाला फोन करत नाही. तो येत नाही, एवढंच तुम्हाला कळतं.

इथे कोणीतरी सुचवेल की वरचे पैसे ‘फर्निचरचे’ म्हणून रोख घ्या. अजिबात नको. मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 किंवा जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्यात बसत नाही आणि घेतलेल्या रकमेएवढा दंड लागू शकतो. किंमत 50 लाखांच्या वर असल्यामुळे घेणाऱ्याला 1 टक्का टीडीएस कापून भरायचाच आहे, तेव्हा सगळा व्यवहार नोंदीत राहतो.

मग 14 लाख वाया गेले का? नाही. दोन घरं सारख्या भावात असतील, तर आधी तुमचं जातं आणि घासाघीस कमी होते. नव्या कामाचा मोबदला विक्रीच्या वेगात मिळतो. त्याच्यासाठी फुटामागे थोडं जास्त मागायला हरकत नाही, पण अख्खा खर्च किमतीत चढवला की तो वेगही जातो. कामाची बिलं मात्र सांभाळून ठेवा. फरशी, प्लंबिंग, वायरिंग असा कायमस्वरूपी सुधारणेचा खर्च भांडवली नफा मोजताना विचारात घेतला जाऊ शकतो. सुटं फर्निचर त्यात येत नाही. सीएला दाखवून घ्या.

आता बिल्डिंग. 1986 ची म्हणजे 30 वर्षांच्या वरची. मुंबईत अशा इमारतींना महापालिकेच्या कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, त्यामुळे घेणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो: ऑडिट झालं का, रिपोर्टमध्ये काय आलं? सी वन आलं असेल तर इमारत राहण्याजोगी नाही, पुढचं बोलणंच संपतं. सी टू असेल तर मोठी दुरुस्ती आहे, तिचा खर्च कोणाच्या अंगावर हे विचारलं जातं. तुमच्या जाहिरातीत याचा उल्लेख नसेल तर लोक वाईटच धरून चालतात. बँकाही इमारतीचं उरलेलं आयुष्य बघून कर्जाची वर्षं कमी करू शकतात, आणि वर्षं कमी झाली की हप्ता वाढतो.

त्यानंतर येतो रीडेव्हलपमेंटचा विषय. मुलुंड पूर्वेला तर गल्लोगल्ली तीच चर्चा. तुमच्या सोसायटीत पीएमसी (रीडेव्हलपमेंटचं काम बघणारा सल्लागार) नेमायची बोलणी चालू असतील, तर जुनी घरं घेऊन ठेवणारा गुंतवणूकदार येऊ शकतो. त्याला कर्ज लागत नाही, पण तो नव्या इमारतीत किती कार्पेट मिळेल तेवढंच मोजतो. जी भिंत पाडायचीच आहे तिच्यावरच्या इटालियन टाइलचे पैसे तो का देईल? उलट ज्या कुटुंबाला तयार घर हवंय, त्याला तीन वर्षांत सामान बांधून भाड्याच्या घरात जायचं नसतं, आणि रीडेव्हलपमेंटची प्रक्रिया पुढे गेलेल्या इमारतीत कर्ज द्यायला बँकाही कचरतात. ज्याला तुमचं काम आवडेल त्याला बिल्डिंगची धास्ती वाटते, आणि ज्याला बिल्डिंग चालते त्याला तुमचं काम नकोय. तुमचं घर या दोघांच्या मध्ये अडकलंय, असा माझा अंदाज आहे. म्हणून सेक्रेटरींना स्पष्ट विचारा की सभेत काय ठरलंय, आणि जे असेल ते जाहिरातीत सरळ लिहा. ‘पुढची काही वर्षं प्रस्ताव नाही’ हेही लिहिण्यासारखं आहे आणि ‘बोलणी सुरू आहेत’ हेही. फक्त गिऱ्हाईक कोण ते त्याप्रमाणे बदलतं.

आणखी एक. मुंबईत कितीतरी घरं बघितली जातात ती खालूनच, मालकाला न कळता. ऑफिसातून येताना माणूस स्कूटर बाजूला लावतो, मान वर करून सज्ज्यातून निघालेली सळई, पाइपवर उगवलेलं पिंपळाचं रोप बघतो, जिन्यातली मीटरची पेटी उघडी आणि वायरी लोंबतायत का ते बघतो, आणि वॉचमनला विचारतो, ‘पाणी किती वेळ येतं? दुसऱ्या मजल्यावरचा तो फ्लॅट का विकतायत?’ वॉचमन म्हणतो, ‘ते तर कधीपासून चाललंय.’ संपलं. तुमच्या 14 लाखांतलं काहीही त्याला गेटवरून दिसलेलं नाही. पिंपळ काढणं, वायरी बांधून घेणं, जिन्याला रंग मारणं यासाठी सोसायटीच्या मागे लागा, गरज पडली तर थोडा खर्च स्वतः करा. आणि वॉचमनशी, खालच्या मजल्यावरच्या काकूंशी बोलून ठेवा. बाथरूमचं काम केल्यापासून त्यांच्याकडे गळत असेल तर ते आधी निस्तरा. ती गोष्ट लपत नाही.

पार्टिशनबद्दल माझं स्पष्ट मत: हलकं असेल तर काढून टाका. 430 फुटांत हॉलचा उजेड गेला तर जे दोन-चार लोक येतील तेही दारातूनच परत जातील. किचन बाल्कनीत सरकवलं असेल किंवा एखादी मूळ भिंत काढली असेल, तर त्यावर बँकेचा माणूस बोट ठेवणार, कारण मंजूर प्लॅनमध्ये ते तसं नाही.

फोटोंचंही बघा. एजंटने टाकलेले फोटो मी डोळ्यांसमोर आणू शकते: वाइड अँगलमुळे सोफा फाटकाएवढा लांब, छतावर जांभळी लाइट आणि खिडक्यांना पडदे ओढलेले. बघणाऱ्याला वाटतं, खिडकीबाहेर शेजारच्या बिल्डिंगची भिंत असणार. सकाळी पडदे उघडून, पांढऱ्या उजेडात काढा. खिडकीतून दिसणारं दृश्य घाला आणि मापांसकट साधा फ्लोअर प्लॅन घाला. वॉशिंग मशीन कुठे बसतं ते दिसू द्या. नव्या किचनमध्ये ती जागा ट्रॉल्यांनी खाल्लेली असते आणि बायका पहिल्यांदा तेच विचारतात.

पाच एजंट हेही जास्त झाले. एकाने 1.29 टाकलंय, दुसऱ्याने घासाघिशीला जागा म्हणून 1.35, तिसऱ्याने फोन यावेत म्हणून 1.22. एकच फ्लॅट तीन भावांत दिसला की लोकांना संशय येतो. सगळ्या जाहिराती काढायला लावा. दोघांनाच द्या, एकच भाव लेखी द्या, आणि एकाकडे चावी ठेवा. नवीन काम केलेले मालक चावी द्यायला घाबरतात, ‘रविवारी अकरा ते एक, आम्ही असतानाच’ म्हणतात. पण पार्टी संध्याकाळी सातला फोन करते, ‘आत्ता स्टेशनला उतरतोय, काही दाखवता का?’ तेव्हा ज्यांची चावी हातात आहे तीच घरं दाखवली जातात.

एजंटकडे कागदांचा एक सेटही द्या: ओसी (इमारत राहायला वापरण्याचा महापालिकेचा दाखला), शेअर सर्टिफिकेट, आधीच्या करारांची साखळी, सोसायटीचं नो ड्यूज, प्रॉपर्टी टॅक्सची पावती, ऑडिट रिपोर्ट. शक्य असेल तर एखाद्या बँकेत घर आधीच तपासून घ्या. ‘लोन होतं’ हे दोन शब्द फोनवर सांगता आले की अर्ध्या शंका तिथेच मिटतात. सोसायटीचा ट्रान्सफर प्रीमियम मुंबईत 25,000 च्या वर घेता येत नाही, हेही घेणाऱ्याला आधीच सांगा. त्याची भीती अनेकांना असते.

तुमच्या जागी मी काय केलं असतं ते सांगते. घर वन बीएचके म्हणून, नव्या फोटोंसह, इंडेक्स टूच्या भावापेक्षा थोडंच वर आणि काही झालं तरी सव्वा कोटीच्या आत टाकलं असतं. पितृपक्ष जवळ असेल तर तो जाऊ द्या. त्या पंधरवड्यात घर बघायला लोक निघत नाहीत, आणि नवी जाहिरात तिथेच शिळी होते. घटस्थापनेला टाकलीत की दसरा-दिवाळीची गर्दी मिळते. फोन यायला लागले आणि लोक येऊन परत जायला लागले, तर मग घराच्या आत काय खटकतंय ते बघू.