जबड्यातील गाठीच्या भोवतालची ऊती तिच्या आक्रमकतेबद्दल काय सांगते?

आपल्या भावाच्या बायोप्सी अहवालात 'अमेलोब्लास्टोमा, कर्करोग नाही' (अमेलोब्लास्टोमा म्हणजे दात घडवणाऱ्या ऊतीपासून जबड्यात होणारी गाठ) असे असूनही जबड्याचा भाग का काढायचा, आणि त्यात 'स्ट्रोमा'चे वर्णन कशासाठी, असे आपण विचारले आहे. मुखविकृतिशास्त्र हे माझे कामाचे क्षेत्र असल्याने उत्तर देतो.

स्ट्रोमा म्हणजे गाठीच्या पेशींना वेढणारी संयोजी ऊती. ती केवळ आधार देते असे पूर्वी मानले जाई, परंतु ती गाठीच्या वाढीत सहभागी असते. अमेलोब्लास्टोमाच्या पेशी हाड स्वतः खात नाहीत. त्या आणि त्यांच्या शेजारचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीतील तंतू बनवणाऱ्या पेशी, मिळून रँक-लिगँडसारखे संदेश सोडतात, त्यामुळे शरीराच्याच ऑस्टिओक्लास्ट पेशी जाग्या होऊन हाड पोखरतात, आणि मेटॅलोप्रोटिनेज नावाची विकरे ऊतीला बळकटी देणारे कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन विरघळवून गाठीला पुढची वाट मोकळी करून देतात. स्ट्रोमामध्ये मायोफायब्रोब्लास्ट, म्हणजे आकुंचनक्षम तंतुपेशी, किती आहेत हेही आम्ही विशेष रंजन करून पाहतो. न उगवलेल्या दाताभोवती होणाऱ्या साध्या डेंटिजेरस सिस्टच्या (द्रवाने भरलेल्या पिशवीच्या) भित्तिकेत त्या सहसा कमी, तर अमेलोब्लास्टोमा आणि उपचारानंतर वारंवार उलटणाऱ्या ओडोन्टोजेनिक केराटोसिस्ट या जबड्यातील दुसऱ्या सिस्टमध्ये अधिक आढळल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पिक्रोसिरियस रेड या रंगद्रव्याने रंगवलेली स्लाइड ध्रुवित प्रकाशात पाहिली, की जाड, घट्ट रचलेले कोलॅजेन तांबूस-नारिंगी आणि विरळ, अपक्व कोलॅजेन हिरवट-पिवळे दिसते. आक्रमक गाठींभोवती हिरवट छटा वाढते, असे काही अभ्यासकांना आढळले आहे.

मात्र दाट कोलॅजेन म्हणजे सौम्य गाठ, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. 1984 मध्ये प्रथम वर्णन झालेल्या अमेलोब्लास्टोमाच्या डेस्मोप्लास्टिक प्रकारात स्ट्रोमा अत्यंत घट्ट असतो, तरीही क्ष-किरण चित्रात गाठीची कड बहुधा धूसर असते आणि ती हाडात शिरलेली असते. म्हणूनच केवळ रंजनाच्या निष्कर्षावरून एखाद्या रुग्णाची शस्त्रक्रिया ठरवणे मला योग्य वाटत नाही.

गाठीचे धागे क्ष-किरणात दिसणाऱ्या सीमेपलीकडे जाळीदार हाडात गेलेले असतात. त्यामुळे नुसती खरवडून काढल्यास ती पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो, आणि नेहमीच्या प्रकारात साधारण 1 ते 2 सेंटिमीटर निरोगी हाडासह ती काढतात. अहवालात 'युनिसिस्टिक', म्हणजे एकाच पोकळीच्या सिस्टसारखा प्रकार, असा उल्लेख असेल, तर गाठीच्या पेशी सिस्टच्या भित्तिकेतील ऊतीत शिरल्या आहेत का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. शिरल्या नसतील, तर जबडा राखून करायच्या उपचाराचा विचार होऊ शकतो.